झाडीतलं घर : काच, सोपा आणि पागोळी

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला छान वाटतो. झाडीतलं घर. आत बसलोय, पण जंगलातच बसलोय असं वाटावं, असं घर. आपल्या जिल्ह्यात तर या विषयाला आता फारच जोर आलाय. पन्हाळा, आंबा, राधानगरी, गगनबावडा, जिकडे जाल तिकडे कुणी ना कुणी जागा घेतलेली असते आणि घराचं चित्र मनात तयार असतं. ते चित्र बहुतेक वेळा एकच असतं. समोर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे हिरवंगार रान.

मी वास्तुशिल्पी आहे, आणि असं एक घर मी बांधलेलं आहे. तिथूनच सुरुवात करतो, कारण त्या घराने मला जे शिकवलं तेच आज सांगायचं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अलीकडे एका कुटुंबाची दोन एकर जागा होती. निम्म्या जागेत जुनी झाडी. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन. मालकांनी एका परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं आणि म्हणाले, असं पाहिजे. मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू? बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे दहा फूट रुंद, सात फूट उंच काच लावली. वर छज्जा नावापुरता, दीड फुटाचा. चित्रात छज्जा नव्हताच, म्हणून तोही मी जरा नाराजीनेच दिला.

वास्तुशांतीला आलेले लोक काचेसमोर उभे राहून फोटो काढत होते. मी खूश.

पुढच्या एप्रिलमध्ये गेलो तर काचेवर जाड पडदा. दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही म्हणाले. जुलैत गेलो तर पावसाची झड थेट काचेवर येत होती, सरकत्या दाराच्या खाचेतून पाणी आत, आणि खाली टॉवेल अंथरलेले. आणि एक गोष्ट मालकांच्या मुलीने सांगितली, ती मला आजही टोचते. काचेत झाडं दिसतात म्हणून पाखरं येऊन आपटायची. ती सकाळी उठून बघायची, आज कुणी पडलंय का.

आणि घरातली माणसं बसत कुठे होती? मागच्या दारी. स्वयंपाकघराच्या बाहेर चुलीसाठी म्हणून चार फुटांची पत्र्याची पडवी काढली होती. नकाशात तिला नावसुद्धा नव्हतं. मालकांच्या आई तिथे कट्ट्यावर बसून भाजी निवडायच्या. मला म्हणाल्या, "साहेब, तुमची काच झ्याक हाय. पन तिच्याजवळ बसाय येत न्हाई बघा."

आजच्या व्याख्यानाचा सगळा गाभा त्या एका वाक्यात आहे. झाडी बघणं वेगळं आणि झाडीत बसणं वेगळं. घर रानाला जोडायचं असेल तर भिंत काढून काच लावून भागत नाही. घर आणि रान यांच्यामध्ये एक तिसरी जागा लागते. कोरडी, सावलीची, पण उघडी.

जोडणं म्हणजे काय?

आपण 'घर निसर्गाशी जोडलेलं आहे' असं म्हणतो तेव्हा नेमकं काय काय जोडलेलं असतं? नजर तर असतेच. पण वारा? पावसाचा आवाज? पहिल्या पावसात मातीला येणारा वास? अनवाणी पायाने दोन पावलं टाकून बाहेर जाता येणं? बंद काच यातलं फक्त एक देते, नजर. बाकी सगळं ती अडवते. म्हणजे भिंतीपेक्षा काच उघडी वाटते, पण वाऱ्याच्या आणि आवाजाच्या दृष्टीने ती भिंतच असते. उलट ऊन मात्र ती भिंतीपेक्षा कितीतरी जास्त आत घेते.

हिशेब करून बघू. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण सहाशे ते सातशे वॅट ऊन पडतं. साध्या स्वच्छ काचेतून त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत जातं. माझी काच सत्तर चौरस फुटांची, म्हणजे साडेसहा चौरस मीटर. उत्तर येतं सव्वातीन ते साडेतीन किलोवॅट. हजार वॅटच्या तीन इस्त्र्या खोलीत चालू ठेवून त्यांच्यासमोर चहाला बसा म्हणायचं. पडदा लागणारच.

दोन जगप्रसिद्ध घरं

माझी चूक काही नवीन नव्हती. मोठ्या मोठ्या लोकांच्या नावावर ती आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात नदीकाठी झाडीत एक घर आहे, फार्न्सवर्थ हाउस. मीस व्हान डर रोह या वास्तुशिल्पीचं काम, १९५१ साली पूर्ण झालं. चारही बाजूंना काच. आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक पुस्तकात त्याचं चित्र असतं. ज्या डॉक्टरबाईंसाठी ते बांधलं त्यांचं आणि मीस यांचं भांडण कोर्टात गेलं. मूळ वाद पैशाचा होता, पण बाईंनी राहण्याच्या अडचणीही जाहीरपणे मांडल्या. आडोसा नाही, उन्हाळ्यात उकाडा, थंडीत काचेवर पाणी. पूर येतो म्हणून घर जमिनीपासून पाच फुटांवर उचललं होतं, तरी १९५४ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये नदी आत शिरली. ज्यांना पंचगंगेचं २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवतंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं घर पेनसिल्व्हेनियातलं फॉलिंगवॉटर. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आराखडा केला. धबधब्याच्या वरच घर. बैठकीच्या खोलीत मूळचा खडक तसाच जमिनीतून वर आलाय आणि त्याच्याशेजारी चूल आहे. खोलीतूनच एक जिना खाली ओढ्याच्या पाण्यापर्यंत जातो. हे घर काचेच्या डब्यापेक्षा पुष्कळ शहाणं आहे, कारण त्याला खोल गच्च्या आहेत, जिथे माणूस बाहेर येऊन बसतो. पण ओल आणि गळती त्याच्या पाचवीला पुजलेली. पुढे झेपावलेल्या गच्च्या वर्षानुवर्षं खाली वाकत गेल्या आणि २००२ साली काँक्रीटमध्ये पोलादी केबल ताणून त्यांना आधार द्यावा लागला.

ही घरं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. माणसाला किती तीव्रतेने रानाजवळ जावंसं वाटतं, हे ती दाखवतात. पण त्यांचं चित्र उचलून गगनबावड्याला आणलं तर काय होईल, याचा विचार आपणच करायचा आहे. त्यासाठी आधी आपली जागा समजून घेऊ.

आपला पाऊस, आपलं ऊन, आपली झाडं

कोल्हापूर जिल्ह्याइतका पावसाचा फरक फार थोड्या जिल्ह्यांत असेल. शिरोळच्या बाजूला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. शहरात हजाराच्या आसपास. आणि गगनबावड्याला पाच-सहा हजार. एसटीने दीड-दोन तासांच्या अंतरावर पाऊस पाचपट होतो. म्हणजे शहरात चालणारा तपशील तिथे चालेलच असं नाही. शिवाय तो पाऊस सरळ पडत नाही. पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करतो. त्यालाच आपण झड म्हणतो.

आता ऊन. कोल्हापूर विषुववृत्तापासून साधारण पावणेसतरा अंश उत्तरेला. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात तोच दुपारी दक्षिणेला पन्नास अंशांवर येतो. युरोप-अमेरिकेत सूर्य कायम दक्षिणेला तिरपा, तिथे थंडीत ऊन आत घेणं ही गरज. म्हणून तिथे मोठी काच. आपली गरज वर्षातले आठ-नऊ महिने उलटी आहे, ऊन बाहेर ठेवायचं आणि वारा आत घ्यायचा.

तिसरी गोष्ट झाडांची. परदेशी पुस्तकांत सल्ला असतो, पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली देतात आणि थंडीत पानं झडल्यावर ऊन आत येऊ देतात. आमच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केलेला असतो. पण आपल्याकडची पानगळ थंडीत होत नाही, ती कोरड्या दिवसांत होते. पळस, पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलतात. ऐन, किंजळ ऐन उन्हाळ्यात उघडे असतात. सागाला पानं येतात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे सावली हवी तेव्हा झाड रिकामं! म्हणून आपल्याकडे घराच्या पश्चिमेला सदाहरित झाड हवं. आंबा, फणस, जांभूळ, बकुळ. मी त्या घरात काचेसमोरचा ऐन मोठ्या कौतुकाने राखला होता. चित्रात सुंदर दिसला. एप्रिलमध्ये त्याच्यावर सावलीपुरतंही पान नव्हतं.

सोप्याचं गणित

आता आपल्या जुन्या घराकडे येऊ. इथल्या बऱ्याच जणांचं गावाकडे घर असेल. रस्त्याला कट्टा, मग सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि मागे परडं. परड्यात शेवगा, कढीपत्ता, केळी, एखादं लिंबू, न्हाणीचं पाणी त्यांनाच. बघा, यात 'घर' आणि 'बाहेर' असे दोन तुकडे नाहीतच. उजेड हळूहळू कमी होत जातो, खाजगीपणा हळूहळू वाढत जातो. कट्ट्यावर कुणीही बसतं, सोप्यात पाहुणा बसतो, माजघरात घरचे. सोपा हा घराचा भाग आहे आणि बाहेरचाही.

मी हे गतकाळाच्या प्रेमापोटी सांगत नाही. सोप्यामागे गणित आहे. समजा आठ फूट खोल पडवी आहे, तोंड दक्षिणेला, आणि तिच्या पुढच्या कडेला छप्पर जमिनीपासून सात फुटांवर आहे. डिसेंबरच्या दुपारी ऊन किती आत येईल? जवळजवळ सहा फूट. म्हणजे थंडीत उन्हात बसायला पडवीत जागा आहे, पण घराच्या भिंतीपर्यंत ऊन पोचत नाही. मार्चच्या शेवटी तेच ऊन दोन फुटांवर येतं. मे महिन्यात दुपारी शून्य. हे सगळं काही न हलवता, बटण न दाबता.

आता पाऊस. वाऱ्याने पाऊस पंचेचाळीस अंशांत तिरपा झाला असं धरा. सात फूट उंचीवरून येणारी झड सात फूट आत येईल. पडवी आठ फुटांची, म्हणजे मागची भिंत आणि दार कोरडं. भर पावसात दार सताड उघडं ठेवता येतं. पागोळ्या समोर पडतायत, मातीचा वास येतोय, तुम्ही कोरडे बसलाय. माझ्या मते झाडीतल्या घराची परीक्षा ही आहे, जुलैत दार उघडं ठेवून बसता येतं का?

पश्चिमेला मात्र एकटी पडवी पुरत नाही. संध्याकाळचं ऊन इतकं खाली येतं की आठ फूट छप्परही त्याला अडवू शकत नाही. तिथे झाड, जाळी किंवा बांबूचा पडदा लागतोच. आणि घाटमाथ्यावर पावसाचा मारा याहून तिरपा असतो, म्हणून जुने लोक पावसाळ्यापुरत्या पश्चिमेच्या बाजूला गवताच्या किंवा झावळ्यांच्या तट्ट्या बांधायचे आणि नंतर सोडायचे. घर ऋतूप्रमाणे कपडे बदलायचं म्हणा ना!

आपल्याकडची आधुनिक उदाहरणं

म्हणजे मग जुनं घरच पुन्हा बांधायचं का? नाही. आज काम, राहणं, कुटुंब सगळं बदललंय. पण तत्त्व घेता येतं आणि रूप नवं ठेवता येतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या कोल्हापूरचंच. वास्तुशिल्पी शिरीष बेरी अहमदाबादला शिकले आणि मोठ्या शहरात न जाता १९७० च्या दशकाच्या मध्यात कोल्हापुरात कामाला लागले. निसर्ग आणि वास्तू यांचं नातं हाच त्यांच्या कामाचा आणि लेखनाचा विषय. हैदराबादची लुप्तप्राय प्रजातींच्या जतनाची प्रयोगशाळा त्यांच्या कामांपैकी एक. पण आज सांगायचं ते गगनबावडा तालुक्यात अणदूरच्या तळ्याकाठी त्यांनी बांधलेल्या घराबद्दल. दगडी भिंतींचं हे घर स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना चांगलं माहीत आहे. त्यातून मी एक धडा घेतला. रानातल्या घराने रानाशी स्पर्धा करू नये. जाड दगडी भिंत म्हणजे काचेच्या अगदी उलट. पण बाहेरचा दगड आत चालू राहिला, पायाखालची जमीन आत चालू राहिली, तर भिंत असूनही माणूस रानातच असतो.

दुसरं कोकणातलं. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला नारळाच्या बागेत एक घर आहे, पामायरा हाउस. स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी ते २००७ मध्ये पूर्ण केलं. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत ते होतं. लाकडाच्या दोन लांबट दुमजली पेट्या समोरासमोर ठेवल्यात, मध्ये मोकळं अंगण आणि पाण्याचा अरुंद हौद. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. भिंती म्हणजे ताडाच्या लाकडाच्या आडव्या तिरप्या पट्ट्या, एकीखाली एक. या पट्ट्यांमधून वारा येतो, आवाज येतो, उजेड गाळून येतो. ऊन आणि नजर मात्र बऱ्याच प्रमाणात अडते. आणि एका खोलीतून समोरच्या पेटीत जायचं तर बाहेर पडावंच लागतं, नारळाच्या झाडांखालून. मला हे फार आवडतं. रोज चार वेळा घर तुम्हाला अंगणात ढकलतं.

दोन्ही घरांत नजर अडवलेली आहे हे लक्षात घ्या. एकात दगडाने, दुसऱ्यात लाकडी पट्ट्यांनी. सगळं रान एकदम समोर दिलं की चार दिवसांत त्याचं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. वळून, थांबून, उंबरा ओलांडून दिसलं की ते रोज नवं राहतं.

बांधण्याआधी

आता जरा कडू बोलतो. झाडीतलं घर बांधायला जाणारी माणसं झाडांवर प्रेम करणारी असतात, आणि बांधकाम मात्र झाडांपासूनच सुरू होतं, जेसीबीने. ट्रक फिरायला जागा पाहिजे, सपाटी पाहिजे, 'व्ह्यू' पाहिजे. घर पूर्ण होतं तेव्हा ज्याच्यासाठी आलो ते निम्मं गेलेलं असतं. मग नर्सरीतून पाम आणून लावतात.

म्हणून नकाशा काढण्याआधी झाडांचा नकाशा काढा. प्रत्येक झाडाची जागा, जात, खोडाची जाडी, जमिनीची उंची. माझ्या कामात आता पहिला कागद तो असतो. झाड वाचवणं म्हणजे खोड वाचवणं नव्हे. मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. सोपा नियम असा, छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास जितके इंच, तितके फूट त्रिज्येचं वर्तुळ सोडा. पंधरा इंचांचं जांभूळ असेल तर चहूबाजूंनी पंधरा फूट. त्या वर्तुळात खोदाई नाही, वाळू-विटांचा ढीग नाही, ट्रक नाही. माती दाबली गेली की झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि आपण म्हणतो, कीड लागली. झाड तोडायचंच असेल तर बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष जतनाचा कायदा आहे, बाहेर १९६४ चा. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून झाड तोडलंच पाहिजे असं नाही.

उतार असेल तर डोंगर कापून सपाट करू नका. घर पायऱ्यांनी उतारावर बसवा. वरच्या बाजूने येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल अशी चर काढा आणि तो ओहळ पूर्वी जिथून जायचा तिथेच पुढे सोडा. पावसाळ्यात एकदा तरी, भर जुलैत, छत्री घेऊन जागेवर तासभर उभे राहा. डिसेंबरात घेतलेली जागा जुलैत वेगळीच निघते.

घर बंद ठेवू नका

रानातल्या घराचा सर्वात मोठा शत्रू पाऊस नाही, कुलूप आहे. दुसरं घर म्हणून बांधतात, मे महिन्यात राहतात, जूनला कुलूप लावून शहरात येतात. सप्टेंबरात उघडलं की गाद्यांना बुरशी, कपाटाला वास, दारं फुगलेली. जुन्या घरात चूल रोज पेटायची. धूर कौलांतून बाहेर पडायचा, वासे कोरडे राहायचे, किडा कमी लागायचा. चूल गेली, कौलांच्या जागी स्लॅब आला, फटी बुजल्या, आणि मग ओल कुठून आली म्हणून आपण विचारतो!

उपाय साधे आहेत. छताखाली कायम उघडी राहणारी जाळी, जी कुलूप लावलं तरी श्वास घेईल. बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट नको, चार बोटं जागा सोडा. जोतं दोन फूट उंच. आणि मुख्य म्हणजे पावसात राहायला जा. पावसात जिथे राहवत नाही ते घर झाडीशी जोडलेलं नाही, ते फक्त झाडीत ठेवलेलं आहे.

आधीपासून राहणारे

शेवटचा मुद्दा. आपण रानात जातो तेव्हा तिथे कुणी तरी आधीच राहत असतं. राधानगरीचं अभयारण्य १९५८ चं, गव्यांसाठी राखलेलं, राज्यातलं सर्वात जुनं. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. गव्याला अभयारण्याची हद्द माहीत नसते. त्याच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं तर तो दुसऱ्याच्या उसात शिरतो. म्हणून सगळी जागा बंद करू नका, घराभोवतीचं अंगण तेवढं बंद करा.

रात्रीचे दिवे कमी, पिवळसर, खाली तोंड केलेले. झाडावर सोडलेला झोत फोटोत छान दिसतो, पण तिथल्या पाखरांची झोप जाते. आणि काच लावायचीच असेल तर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके किंवा रेघा द्या, नाहीतर बाहेरून जाळी लावा. पाखराला काच दिसत नाही, ठिपके दिसतात. हे मला त्या मुलीने शिकवलं.

त्या घराचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. तीन वर्षांनी मीच मालकांना म्हटलं, माझी चूक मला दुरुस्त करू द्या. काचेपुढे आठ फुटांची पडवी काढली. जांभ्याचे खांब, वर मंगलोरी कौलं. पश्चिमेच्या टोकाला बांबूची जाळी. काच काढून चार फळ्यांचं लाकडी दार बसवलं, जे पूर्ण उघडतं. बाजूला जांभूळ लावलं. आता मासिकात छापण्यासारखं ते घर राहिलं नाही. बाहेरून कौलं दिसतात आणि खाली अंधार. पण त्या अंधारात माणसं बसलेली असतात. पहिल्या जुलैत आजी मागच्या कट्ट्यावरून उठून पुढे येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. परात घेतली आणि भाजी निवडायला लागल्या. मला तेवढं पुरे होतं.



प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही शहरात फ्लॅटमध्ये राहतो. आमच्यासाठी यात काय आहे?

तुमच्याकडे सोपा आहे, त्याचं नाव बाल्कनी. पण आपण काय करतो? सरकत्या काचा लावून ती खोलीत घेतो. फ्लॅटमधली ती एकच जागा आहे जी कोरडी, सावलीची आणि उघडी असते. ती बंद करू नका. चार फूट रुंद असली तरी एक माणूस आणि दोन कुंड्या बसतात. रो हाउस असेल तर मागे दहा फुटांचं परडं फरशीने बंद करू नका. मध्ये एक शेवगा किंवा कढीपत्ता लावा आणि स्वयंपाकघराचं दार त्याच्याकडे उघडू द्या.

प्रश्न : लाकूड वापरलं तर वाळवी लागते. मग पट्ट्यांची घरं आपल्याकडे टिकतील का?

वाळवी बहुतेक जमिनीतून येते. म्हणून लाकडाचा मातीशी संबंध येऊ देऊ नका. खाली दगडाचं जोतं, खांबाखाली दगडाची बैठक, आणि लाकूड चहूबाजूंनी दिसेल असं ठेवा. लपवलेलं लाकूड कुजतं, दिसणारं लाकूड आपण वेळेवर बदलतो. पट्टी मोडली तर तेवढीच बदलता यावी अशी जोडणी करा. लाकडी घराला दर एक-दोन वर्षांनी तेलपाणी लागतं. ते करायची तयारी नसेल तर जांभा वापरा, त्यातही कमीपणा नाही.

प्रश्न : तुम्ही एवढं सांगितलंत. मग रानात घर बांधूच नये, असं तुमचं मत आहे का?

प्रामाणिक उत्तर देतो. जागा दाखवायला येणाऱ्यांपैकी काहींना मी हेच सांगतो, बांधू नका. आठवडाभर राहायला जायचं असेल तर गावातलं एखादं जुनं घर भाड्याने घ्या, दुरुस्त करा. तिथे झाड तोडावं लागत नाही, रस्ता काढावा लागत नाही. आणि ज्यांना बांधायचंच आहे त्यांना म्हणतो, झाडीच्या आत बांधू नका, कडेला बांधा. पूर्वी मोकळी झालेली, पडीक जागा बघा. तिथून झाडीकडे तोंड करून सोपा काढा. झाडी तुमच्याकडे दहा वर्षांत आपोआप चालत येईल. फक्त तिला वाट द्यायची.